डबा नसलेल्या दिवसासाठी बॉक्समधले नूडल्स: कसे निवडावे, कसे करावे

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, बेलापूर, नोकरी कुठेही असो, आठवड्यात एखादा दिवस असा येतोच की डबा आणलेला नाही, कॅन्टीनची रांग दारापर्यंत आली आहे आणि दीडला मीटिंग आहे. फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणारे आशियाई नूडल्सचे बॉक्स अशा दिवसासाठी बरे पडतात. पॅड थाई, उडोन, कोरियन रामेन, लाक्सा असे बरेच प्रकार आता वाशी-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवर मिळतात. अनेकदा तेवढ्याच पैशांत बाहेर राइस प्लेट येते, त्यामुळे रोज खायची ही गोष्ट नाही. ऑफिसच्या खणात मात्र एक असावा.

१. दुकानात जाण्याआधी पॅन्ट्री बघा

बहुतेक लोक बॉक्सवरचं चित्र बघून निवड करतात आणि तिथेच फसतात. ऑफिसात पाणी कशावर तापतं, त्यावरून नूडल्स ठरवावे.

फक्त डिस्पेन्सरचा गरम नळ असेल, तर तळून वाळवलेले नूडल्स घ्या. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली पहिले इन्स्टंट नूडल्स विकायला आणले तेही असेच तळलेले होते. तळताना आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि नूडलमध्ये बारीक छिद्रं राहतात. नंतर गरम पाणी त्या छिद्रांतूनच आत शिरतं. नळाचं पाणी उकळतं नसतं, म्हणून पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त झाकून ठेवा.

केटल असेल तर न तळता हवेवर वाळवलेलेही चालतात. ते जास्त घट्ट असतात, तेल कमी असतं, पण त्यांना खळखळतं पाणीच लागतं. तांदळाच्या बारीक शेवया उकळत्या पाण्यात चटकन मऊ होतात. चपट्या, रुंद पट्ट्या कोरड्या असतील तर ऑफिसात त्यांच्या नादी लागू नका. बाहेरून चिकट, आतून कच्च्या राहतात आणि जेवणाची सुट्टी संपून जाते.

मायक्रोवेव्ह असेल तर माझं मत सरळ उडोनच्या बाजूने आहे. हे जाड, आधीच शिजवलेले, ओलसर नूडल्स सीलबंद पाकिटात येतात. फ्रीजशिवाय ते टिकतात कारण त्यांना आंबटपणा दिलेला असतो आणि पाकीट बंद करून गरम केलेलं असतं. त्यामुळे उघडल्यावर हलका आंबूस वास येतो. तो खराब झाल्याचा वास नव्हे, गरम पाण्याने एकदा विसळलं की जातो. पाकीट फुगलेलं किंवा गळकं असेल तर मात्र विचार न करता टाकून द्या.

२. मागची बाजू वाचा

शाकाहारी असाल तर आधी हिरवा ठिपका शोधा. आयात मालावर तो बहुधा आयातदाराच्या स्टिकरवर असतो. त्याच स्टिकरवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, एमआरपी आणि तारीखही बघून घ्या. समोर नुसता कोबी-गाजर दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका. थाई सॉसमध्ये फिश सॉस, जपानी सूपमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क आणि किमचीत, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्यात, खारवलेली कोळंबी हे तिथल्या स्वयंपाकात नेहमीचंच आहे. श्रावणात कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्यांनी तर हे बॉक्स महिनाभर विसरावेत, दोन्हींपैकी काहीच नसलेला सॉस क्वचितच सापडतो. शेंगदाणा, सोया, तीळ किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर खालची अ‍ॅलर्जीची ओळ न वाचता काही घेऊ नका. सोबा हे जपानी नूडल्स बकव्हीटचे (कुट्टूचे) म्हणून ओळखले जातात, पण त्यांतही बऱ्याचदा गहू मिसळलेला असतो.

मग सोडियम. तक्त्यात आकडा बहुधा १०० ग्रॅममागे किंवा ‘एका सर्व्हिंग’मागे दिलेला असतो आणि एका बॉक्समध्ये कधी कधी दोन सर्व्हिंग धरलेली असतात. भुकेला माणूस अर्धा बॉक्स ठेवून उठतो का? म्हणून पूर्ण बॉक्सचा हिशेब करा. समजा १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि बॉक्स २२० ग्रॅमचा आहे, तर झाले १,९८० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. रात्रीची आमटी आणि लोणचं अजून बाकीच आहे!

३. पहिला प्रयोग शनिवारी, घरी

नवा प्रकार थेट ऑफिसात उघडू नका. घरी करून बघा: किती मिनिटं लागली, पोट भरलं का, तिखट किती. कोरियन ‘फायर’ प्रकारांच्या बाबतीत तर हे हवंच. सामयांग या कोरियन कंपनीच्या बुलडाक रामेनचे तीन प्रकार डेन्मार्कने जून २०२४ मध्ये अति तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावले होते, पुढच्या महिन्यात त्यातल्या दोनांना परत परवानगी मिळाली. आपण ठेच्यावर वाढलेली माणसं, हे खरं, पण त्या सॉसचा तिखटपणा उशिरा चढतो आणि बराच वेळ उतरत नाही. आधी अर्धीच पुडी घाला, चाखा, मग पुढचं ठरवा. बाकीच्या सॉसलाही हाच नियम लावा. मीठ बहुतेक त्या पुडीतच असतं, त्यामुळे दोन तृतीयांश सॉस घालून आणि सूप तळाशी सोडून बरंच सोडियम टळतं.

४. सोबत एक छोटा डबा न्या

नुसत्या बॉक्सने चारलाच परत भूक लागते. त्यात मैदा किंवा तांदूळ भरपूर, भाजी जेमतेम चिमूटभर आणि तीही वाळवलेली. सकाळी बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि पातीचा कांदा डब्यात भरा. गरम नूडल्सखाली दोन मिनिटं दाबून ठेवले की ते बेताचे मऊ होतात. फ्रोझन मटार दुपारपर्यंत आपोआप सुटतात, पण ते नूडल्सबरोबरच शिजू द्या. मोड आलेले मूग घरूनच वाफवून न्या. उकडलेलं अंडं किंवा पनीर नेलं तर ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत ते टेबलावर तासन् तास राहू देऊ नये.

पॅड थाईच्या सॉसला चिंचेचा आंबटपणा आणि ताडगुळाचा गोडवा असतो, म्हणजे चव आपल्या चिंच-गुळाच्या आमटीच्या वळणाची. त्यावर भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट आणि लिंबू फार छान लागतं. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये लिंबू पिळू नका, तिथे तीळ पुरेत.

५. ऑफिसात करताना

उडोनचा गठ्ठा थंड असताना हाताने ओढून सोडवायला गेलात तर तुकडे होतात. काचेच्या डब्यात ठेवून वर गरम पाणी घाला, मिनिटभर थांबा, काट्याने हलकेच मोकळे करा, पाणी ओतून टाका, सॉस मिसळा आणि झाकण सैल ठेवून मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटं फिरवा. चकचकीत पुड्या आणि फॉइलचं झाकण आत जाऊ देऊ नका, ठिणग्या उडतात. बॉक्सची वाटी मायक्रोवेव्हला चालते असं तिच्यावर लिहिलेलं नसेल, तर तीही नको.

फिश सॉस किंवा किमचीचा प्रकार असेल तर पॅन्ट्रीतच बसून खा. एसीच्या बंदिस्त ऑफिसात तो वास संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलपर्यंत तुमच्या टेबलाभोवती राहतो.

६. साठवण

खणात एकावेळी एक-दोनच बॉक्स ठेवा आणि वर मार्करने संपायची तारीख मोठ्या आकड्यांत लिहा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, म्हणून बॉक्स झिपच्या पिशवीत घाला. उरलेली सॉसची पुडी चिमटा लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. कोबी परतताना तिचा उपयोग होतो, तेव्हा मीठ मात्र वेगळं घालू नका.