राजकीय विचारामागचा आर्थिक पाया कसा शोधावा

सुरुवात विचारापासून नको, उत्पादनापासून करा. जमीन, यंत्रं, कच्चा माल कोणाच्या मालकीचा, राबतं कोण आणि वरकड मूल्य (मजुरीपेक्षा जास्त जे मूल्य श्रमातून तयार होतं ते) कोणाच्या हाती जातं, एवढं आधी कागदावर मांडा. मार्क्सने राजकीय अर्थशास्त्राच्या चिकित्सेवरच्या १८५९च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत याला पाया म्हटलं. कायदा आणि राज्यसंस्था हा त्यावरचा इमला.

मग एकच वाद घ्या. ब्रिटनमध्ये १८४६ साली रद्द झालेले धान्य कायदे त्यासाठी उत्तम. आयात धान्यावरच्या जकातीमुळे भाव चढे राहत आणि जमीनदाराला खंड जास्त मिळे. गिरणीमालकाला पाव स्वस्त हवा होता, म्हणजे मजुरी कमी ठेवता येई. बोलताना मात्र दोन्ही बाजू देशहिताची भाषा वापरत. एका वर्गाचं हित सगळ्यांचं म्हणून कुठे मांडलं जातं, ती जागा नेमकी पकडा.

बरेच जण घसरतात ते पुढे: प्रत्येक मताला थेट पैशाचं कारण चिकटवतात. आर्थिक घटक निर्णायक ठरतो तो अखेरीस, आणि इमलाही पायावर परिणाम करतो, हे मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८९०च्या एका पत्रात बजावलं होतं. शिवाय परिस्थिती समान असली म्हणून वर्गजाणीव, म्हणजे आपलं हित एक आहे याचं भान, आपोआप येत नाही. संप, संघटना, वृत्तपत्रं हे दुवे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.