सोसायटीची टाकी दुपारी भरा: पंपाला स्मार्ट स्विच कसा जोडायचा

गच्चीवर सोलर लावलं, तरी पंप मात्र पहाटे साडेपाचलाच चालतो, अशा सोसायट्या मला नागपुरात बऱ्याच दिसतात. आमची मनीषनगरची त्यातलीच होती. आता कॉमन मीटरचं सगळं माझ्याकडे आहे, म्हणून हे लिहितो.

कल्पना दूरच्या उत्तरेची आहे. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉन्गिगॅनक हे युपिक लोकांचं छोटं गाव आहे. बाहेरच्या ग्रिडची तार तिथे पोचत नाही आणि डिझेल बोटीने आणावं लागतं. पवनचक्क्यांची वीज गरजेपेक्षा जास्त झाली, की तिथली यंत्रणा घराघरांतले विटांचे हीटर आपोआप सुरू करते. विटा तापतात आणि वारा पडल्यावरही घर उबदार राहतं. आपल्याला ऊब कशाला हवी बाप्पा, 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता! आपली वीट म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी: दुपारच्या जास्तीच्या सोलर विजेवर ती भरून ठेवायची.

आधी मोजा. कॉमन मीटरच्या पुढे वायफायवाला एनर्जी मीटर बसवून घ्या. त्याची क्लॅम्प वायरभोवती अडकवली की कोणत्या वेळी किती वीज जाते, ते मोबाइलवर दिसतं. 2 एचपीचा पंप साधारण 2 किलोवॅट ओढतो. रोज दोन तास चालला तर 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120. जिन्यातले एलईडी यापुढे किरकोळ, त्यांच्यावरून मीटिंगमध्ये भांडू नका.

आता जोडणी. बाजारातला स्मार्ट प्लग पंपाला थेट लावायचा नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि प्लगचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग अ‍ॅपवर ‘बंद’ दिसतं आणि गच्चीवरून पाणी वाहत राहतं. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच, बसवायचा आणि स्मार्ट स्विचने फक्त त्याची कॉइल चालवायची. मोटरचा भार कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) घेतील. वरच्या टाकीत, ती भरली की पंप बंद करणारा फ्लोट हवाच. खाली ड्राय-रन संरक्षण, म्हणजे पाणी संपलं की पंप थांबवणारी सोय हवी, कारण मे महिन्यात बोअर कधी कोरडा ओढेल याचा नेम नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन बंद करून.

वेळ अकरा ते दोन ठेवा, तेव्हा सोलर जोरात असतं. नेट मीटरिंग असेल तर नुसती वेळ बदलून बिल फार पडणार नाही, कारण ग्रिडला दिलेले जास्तीचे युनिट तसेही बिलात वळते होतात. पण टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सवलत आहे. सोलर नसलं तरी तेवढ्यासाठी वेळ बदला. तुमच्या कॉमन मीटरला ती लागू आहे का, बिलावर बघून घ्या.

मे महिन्यात मात्र माझं वेळापत्रक वेगळं असतं. पूर्ण टाकी दुपारी भरली तर संध्याकाळी नळाला चहाचं पाणी येतं. म्हणून अर्धी दहाला, उरलेली चारनंतर. सहाला सगळे कूलर भरायला लागतात, तेव्हा खालून आलेलं थंड पाणी तयार असतं. टाकीला पांढरा रंग द्या, त्यानेही फरक पडतो.

स्विच घेताना दोन गोष्टी विचारा. इंटरनेट गेलं तरी वेळापत्रक स्विचच्या आत टिकतं का? आणि लाईट जाऊन आली की स्विच कोणत्या स्थितीत येतो? पंपासाठी उत्तर ‘बंद’ हवं, तसं सेटिंग करा. शेजारी हाताने चालवायचं बटण ठेवाच, वॉचमनला मोबाइलवर अवलंबून ठेवू नका.

अ‍ॅपचं खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नाही. नाहीतर सचिव बदलला की नवीन माणूस पंप सुरू करायला जुन्याच्या दारात उभा असतो.