सोव्हिएत क्रूझरचा फोटो समोर आला तर जहाज ओळखायचं कसं

पहिलं म्हणजे क्रूझरच्या, म्हणजे मोठ्या युद्धनौकेच्या, फोटोखाली लिहिलेल्या नावावर लगेच विश्वास टाकू नका, आणि जहाजाच्या बाजूला रंगवलेल्या नंबरवर तर अजिबातच नको. सोव्हिएत नेव्ही हे नंबर सारखे बदलायची, त्यामुळे एकच जहाज दर काही वर्षांनी नवा नंबर मिरवताना दिसतं. नावांचीही तीच तऱ्हा. अ‍ॅडमिरल लाझारेव नावाची एक क्रूझर 50 च्या दशकातली, तोफावाली, आणि 1992 मध्ये फ्रुंझे या अणुशक्तीवर चालणाऱ्या क्रूझरलाही तेच नाव दिलं, आता बसा डोकं खाजवत. म्हणून आधी प्रोजेक्ट नंबर, म्हणजे जहाज कुठल्या आराखड्याचं आहे ते, पक्का करायचा, नाव नंतर.

सुरुवात डेकपासून करा. पुढे दोन आणि मागे दोन असे तीन-तीन नळ्यांचे टरेट (तोफांचे फिरते बुरुज), मध्ये दोन धुराडी, म्हणजे बहुतेक प्रोजेक्ट 68बिस, स्वेर्दलोव क्लास. 152 मिमीच्या 12 तोफा, लांबी साधारण 210 मीटर. आधीच्या 68के चा टरेटचा मांडणीक्रम हाच आहे, म्हणून टरेटवर थांबू नका, दोन्ही बाजूंच्या 100 मिमीच्या जोडतोफा मोजा, 68बिस ला एका बाजूला अशा तीन जोड्या असतात. 68बिस ची 14 जहाजं पूर्ण झाली, बाकीची सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात अर्धवट असतानाच रद्द, कारण क्षेपणास्त्रांच्या जमान्यात एवढ्या मोठ्या तोफांच्या जहाजांचं काय करायचं हा त्यांचा सरळ सवाल होता. पण ब्रिटिशांनी धसका घेतलाच, बकॅनियर हे विमान मुळात याच क्रूझरना गाठायला बनवलं.

आता या चौदातलं नेमकं कुठलं? इथे मागचे दोन टरेट बघायचे, खरी मजा तिथेच आहे. चारही जागेवर असतील तर यादी लांब राहते, मग फोटोची तारीख आणि जागा धरूनच पुढे जावं लागतं. जून 1953, इंग्लंडमधलं स्पिटहेड असेल तर स्वेर्दलोव, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या नौदल संचलनाला आलेली. एप्रिल 1956, पोर्ट्समथ असेल तर ओर्जोनिकिद्झे, ख्रुश्चेव्ह आणि पंतप्रधान बुल्गानिनला घेऊन आली होती, आणि तिच्याच आसपास पाण्यात उतरलेला ब्रिटिश डायव्हर क्रॅब गायब झाला. हीच पुढे 1962 ला इंडोनेशियाला गेली आणि इरियान झाली, म्हणजे झेंडा इंडोनेशियाचा आणि जहाज सोव्हिएत बनावटीचं असा फोटो दिसला तर दचकू नका.

तिसऱ्या टरेटच्या जागी विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा दोन हातांचा लाँचर असेल तर ती द्झेर्झिन्स्की, दुसरी कुठलीच नाही. फक्त तिसरा टरेट काढून तिथे उंच मास्ट आणि अँटेनांचं जंगल असेल तर झ्दानोव. आणि मागचे दोन्ही टरेट गायब, त्या जागी हेलिकॉप्टरचा हँगर, तर अ‍ॅडमिरल सेन्याविन. झ्दानोव आणि सेन्याविन या दोघी कमांड जहाजं होत्या, म्हणजे ताफ्याचं नेतृत्व इथून चालायचं. दोघींवर ओसा ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं बसवली होती पण ती शोधत बसू नका, तो लाँचर एरवी डेकखाली असतो, वर फक्त गोल झाकण दिसतं. सेन्याविनच्या पुढच्या टरेटमध्ये 1978 ला सरावाच्या वेळी स्फोट होऊन 37 जण गेले, ते फोटोत कळत नाही पण जहाजाचा इतिहास लिहिताना सोडू नका.

तोफांऐवजी क्षेपणास्त्रांच्या नळ्या दिसत असतील तर काम सोपं होतं. पुढे आणि मागे चार-चार नळ्यांचे फिरणारे गठ्ठे, प्रोजेक्ट 58. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या उंच भागाच्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या, 1134. ब्रिजखाली चार-चारचे चौकोनी डबे असतील तर 1134ए किंवा 1134बी, आणि मध्ये एकच भलंमोठं चौकोनी धुराडं असेल तर बी, कारण तिला गॅस टर्बाइन आहेत. या दोन्हींना सोव्हिएत कागदोपत्री क्रूझर नाही तर मोठं पाणबुडीविरोधी जहाज म्हणायचे, रशियन यादीत क्रूझरखाली शोधलंत तर हाती काही लागणार नाही. दोन्ही बाजूंनी जोड्याजोड्यांनी पुढे रोखलेल्या 16 तिरक्या नळ्या म्हणजे 1164, 2022 ला बुडालेली मोस्क्वा यातलीच, तिचं मूळ नाव स्लावा. आणि पुढचं डेक जवळजवळ मोकळं, जहाज मात्र अवाढव्य, तर 1144. ते अणुशक्तीवर चालतं तरी धुराडं आहे, कारण सोबतीला तेलाचे बॉयलरही दिलेत, त्यामुळे धुराडं बघून नाही म्हणू नका.

शेवटी फोटोतली अवस्था बघा. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून अडकलेली गंजकी 68बिस म्हणजे मुर्मान्स्क, 1994 मध्ये भंगारासाठी भारताकडे ओढून नेताना दोर तुटला आणि ती सोरवेर गावाजवळ रुतली. धक्क्याला बांधलेली, रंगरंगोटी केलेली आणि वर पर्यटक फिरतायत अशी असेल तर रशियातल्या नोवोरोस्सिस्कची मिखाइल कुतुझोव, ती आता म्युझियम आहे. तिचे जवळून काढलेले रंगीत फोटो जमवून ठेवा, बाकी तेरा जणींचे जुने धूसर फोटो आले की त्यांच्याशी तुलना करायला तेच कामी येतात.