स्वतंत्रपणे पहिलं गाणं काढताना: गाणं चांगलं करा, आणि ते आपलंच ठेवा

कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय स्वतः लिहिलेलं गाणं स्वतः गाऊन लोकांपर्यंत न्यायचं, तर दोन कामं करावी लागतात. एक, गाणं चांगलं करणं. दुसरं, ते आपल्या नावावर ठेवणं. पहिल्या कामात आपण महिनोन्‌महिने घालवतो आणि दुसरं अर्ध्या तासात उरकतो. मी ही वाट धरली त्याला बरीच वर्षं झाली. नव्याने लिहिणारी मुलंमुली भेटली की मी दोन्हीबद्दल बोलते, पण दुसऱ्यावर जास्त रेंगाळते.

आधी गाणं. मी शब्द आणि चाल वेगवेगळी करत नाही. गिटारवर दोन कॉर्ड फिरवत राहायचं, तोंडाला येईल ते अर्थ नसलेलंही गुणगुणायचं, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ऐकताना एखादी ओळ आपोआप कानात राहते. तिच्यापासून सुरुवात करा. ओळ बांधताना उंच स्वरावर कोणता अक्षरस्वर येतोय ते बघा. तिथे ‘ई’ किंवा ‘ऊ’ लांबवायचा असेल तर पुष्कळांचा गळा आवळतो. ‘आ’ मोकळा वाहतो. ‘आता परत ये तू’ वर न्यायला जड जात असेल, तर ‘परत ये ना आता’ करून बघा. अर्थ तोच, पण श्वासाला जागा मिळते. जोडाक्षरावर कधीही लांब ठहराव घेऊ नका.

पुष्कळ गाणी दुसऱ्या अंतऱ्यात अडतात, कारण पहिल्यात जे सांगितलं तेच आपण नव्या यमकांत सांगू लागतो. अशा वेळी काळ, जागा किंवा बोलणारी व्यक्ती यांपैकी एक बदलून बघा. तरीही काही सुचलं नाही, तर ते गाणं बहुधा एकाच अंतऱ्याचं आहे. छोटं गाणं हे अपुरं गाणं नसतं.

पट्टी ठरवताना ध्रुवपदातला सर्वांत उंच सूर थकलेल्या दिवशीही लागायला हवा, एवढं बघा. घरी ताज्या गळ्याने निवडलेली पट्टी सलग कार्यक्रमांत दगा देते.

रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओच लागतो असं नाही. मोकळ्या भिंतींच्या खोलीपेक्षा कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळचा कोपरा चांगला. माइकपासून साधारण वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’सारख्या अक्षरांचा फुंकर अडवणारी जाळी), फाइल २४ बिटची, आणि आवाज सर्वांत मोठा असतानाही लेव्हल उणे १० डेसिबलच्या आसपास. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकत्र मिसळणं, मात्र शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्या. स्वतःच्या आवाजाबद्दल आपले कान निष्पक्ष नसतात. मिक्सिंग करणाऱ्याला ट्रॅक पाठवताना प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होऊ द्या, म्हणजे जुळवाजुळवीत वेळ जाणार नाही. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या संस्कारात, ‘अजून मोठा आवाज’ मागू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (एलयूएफएस हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, म्हणजे चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं आणि हाती फक्त चेपलेपण उरतं. त्याच बैठकीत गायनाशिवायची आवृत्तीही काढून घ्या. चित्रपट किंवा जाहिरातीसाठी कुणी गाणं मागितलं तर ती लगेच हवी असते.

आता मालकी. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही एक, आणि त्या रचनेचं विशिष्ट रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ही दुसरी. दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि दोन्हींचे मालकही वेगळे असू शकतात. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये, तिचं आधीचं लेबल (रेकॉर्ड कंपनी) विकलं गेलं तेव्हा, त्याच्यासोबत विकले गेले. पण गाणी तिने लिहिलेली होती, म्हणून २०२१ पासून ती त्यातले चार अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून काढू शकली. जुने मास्टर तिने २०२५ मध्ये विकत घेतले. रचनेवर हक्क असणं म्हणजे काय, ते यातून कळतं. त्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्ये, अमेरिकन गायिका-गीतकार आनी डिफ्रँकोने स्वतःचं लेबल काढून मास्टर पहिल्यापासून आपल्याकडेच ठेवले. मला स्वतःला हा दुसरा रस्ता जवळचा वाटतो.

१८८६ च्या बर्न करारानुसार सदस्य देशांत रचनेचा हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. पण गाणं कुणी मिळून केलं असेल तर खोली सोडण्याआधी एका कागदावर वाटे लिहा: कुणाचं नाव, शब्द-चालीत किती टक्के, मास्टरमध्ये किती टक्के. दोन्ही बेरजा १०० यायला हव्यात. सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. मैत्री असते तेव्हाच हा कागद करावा, कारण तेव्हा तो दहा मिनिटांत होतो. वादकाला मानधन देऊन बोलावलं असेल तर त्या मानधनात काय आलं तेही लिहा. संगीत संयोजन करणाऱ्याने चालीत भर घातली की फक्त रेकॉर्डिंग घडवलं, हा प्रश्न तोंडावर विचारा. उत्तरावर त्याचा वाटा कुठल्या मालमत्तेत पडतो ते ठरतं. बीट, म्हणजे दुसऱ्याने तयार केलेला वाद्यांचा ट्रॅक, विकत घेतली असेल तर परवाना वाचा. भाड्याने दिलेल्या पुष्कळ बीट यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणाचं गाणं कुठे वापरलं ते ओळखणारी यंत्रणा) नोंदवायला मनाई असते.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड मिळतो. स्टुडिओतलं गाणं आणि त्याचंच मैफलीतलं रेकॉर्डिंग, दोघांचे कोड वेगळे. हे कोड स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. डिस्ट्रिब्युटर (गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारी कंपनी) बदलताना जुनाच कोड दिला तर आधीची ऐकणाऱ्यांची संख्या टिकण्याची शक्यता राहते. डिस्ट्रिब्युटर तुम्हाला सहसा रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो. रचनेचे पैसे मिळवायला गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं सदस्य व्हावं लागतं, आणि हेच पाऊल सर्वांत जास्त राहून जातं. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणं त्याच टक्केवारीने तिथे नोंदवा.

करार आला तर तीन गोष्टी शोधा: हक्क कायमचे जाताहेत की ठरावीक वर्षांसाठी, पुन्हा रेकॉर्ड करायला किती वर्षं मनाई आहे, आणि हिशेब तपासायचा अधिकार तुम्हाला आहे का. कायमचे हक्क मागणाऱ्या करारावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, समोरचा माणूस कितीही आवडला तरी.

गाणं प्रकाशनाच्या निदान चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे चढवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या संपादकांकडे ते प्रकाशनाआधीच पाठवावं लागतं, आणि निदान ७ दिवस आधी पाठवलं तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) जातं. तिथे ३० सेकंद ऐकलं गेलं की एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून लांब सुरुवात कापायचा सल्ला मिळतो. माझं मत वेगळं आहे: सुरुवातीच्या वाद्यसंगीतात ऐकण्यासारखं काही असेल तर ते ठेवा. पैशांचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीमही न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही.

म्हणून लोकांसमोर गाणं हाच खरा पाया आहे. छोट्या जागी साउंड चेकला लवकर पोहोचा, गिटार डीआय बॉक्समधून (गिटारचा आवाज थेट मिक्सरला जोडणारी डबी) द्या, आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये, आधी स्वतःचा आवाज मागा. माइकच्या डोक्याभोवती मूठ आवळली की शिट्टी वाजते, म्हणून दांडी धरा. गाण्यांचा क्रम लावताना एकाच ट्यूनिंगची गाणी शेजारी ठेवा. खुंट्या पिळण्यात गेलेल्या वेळात ऐकणारे फोन काढतात. दाराजवळ वही ठेवून, विचारून, इच्छुकांचे ईमेल घ्या. स्ट्रीमिंग कंपनी तुम्हाला श्रोत्याचा पत्ता देत नाही, ही वही देते. बँडकॅम्प या गाणी थेट विकण्याच्या वेबसाइटवर गाणी ठेवली तर ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के घेतात, पण विकत घेणाऱ्याशी तुमचा थेट संबंध जुळतो.

कार्यक्रमाहून परतल्यावर गायलेल्या गाण्यांची यादी, तारीख आणि जागा लिहून ठेवा. अनेक हक्कसंस्था अशा याद्या स्वीकारतात आणि स्वतःचंच गाणं मंचावर गायल्याची रॉयल्टीही देतात. मुदत प्रत्येक संस्थेची वेगळी असते, ती सदस्य होतानाच विचारून घ्या.