स्वतः खायला नाटकं करणाऱ्यांनी पोरांना जेवायला कसं बसवायचं

सांगलीत राहून वांगं खात नाही म्हटलं की लोक आधी तोंडाकडं बघतात आणि मग "कृष्णाकाठचं खाऊन बघ की एकदा" सुरू होतं. खाल्लंय बाबांनो, चवीबद्दल तक्रार नाही, मला तो शिजलेला बुळबुळीत गर आणि त्यातल्या बिया तोंडात सहन होत नाहीत, पण त्याचेच काप करून रव्यात घोळून कडक भाजले की चार-पाच आरामात खातो. म्हणून पोरगं एखादी भाजी नको म्हणालं की आधी बघा, त्याला चव नकोय का तोंडात लागणं नकोय. भेंडी रस्स्यातली नको पण परतून कुरकुरीत केलेली चालते, टोमॅटो कच्चा नको पण सार दोन वाट्या जातं, असली पोरं भरपूर असतात. आपण स्वतः असलेच असलो तर हे लवकर ओळखू येतं, तेवढा फायदा आहे.

भुकेचं गणित पण समजून घ्या. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं, पुढं वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक कमी होणारच, आणि त्यात साधारण २ ते ६ वयात नवीन पदार्थ दिसला की पोरं जास्तच बिचकतात. आज्जीला वाटतं दृष्ट लागली. खेळतंय, वजन-उंची वाढतेय तर घास घेऊन अंगणभर मागं पळायचं बंद करा. दूध मात्र मोजा, दिवसभरात ४००-५०० मिलीच्या वर जात असेल तर जेवणाला पोटात जागा कुठनं राहणार? जेवणाआधी दोन तास बिस्किट-फरसाण बंद, पाणी तेवढं द्या.

ताटाबाबत एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची पद्धत मला पटते. काय करायचं, कधी आणि कुठं जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि मुळात खायचं का नाही हे पोरानं. ताटात एक वस्तू हमखास खाल्ली जाणारी ठेवा, दहीभात म्हणा, भाकरी-तूप म्हणा, आणि शेजारी नवीन भाजी अगदी नखाएवढी. खाल्ली नाही तर गप्प उचला, तोंड वाकडं करू नका. परत चार दिवसांनी ठेवा. आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर पोरं चव घेतात आणि आपण तिसऱ्यांदाच "ह्याला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो.

"एवढी भाजी संपव मग कंदी पेढा" हे तर नकोच, त्यानं पेढा आणखी गोड होतो आणि भाजी ही शिक्षा ठरते. आज्जी ऐकत नसेल तर तिला कामाला लावा, आमटीत कांदा-लसूण मसाला पडायच्या आधी पोरांची वाटी बाजूला काढायची जबाबदारी तिची. मग हळूहळू चिमूटभर मसाला, मग अख्खा मसूर भाकरीच्या तुकड्याला नुसता लावून, असं एकेक पायरी चढवा. दुधी किसून धपाट्यात घाला, पण विचारलं तर खरं सांगा, एकदा लपवलेलं सापडलं की ते पोरगं धपाटं पण सोडतं. भडंग देताना पाच वर्षांच्या आतल्यांसाठी शेंगदाणे निवडून काढा, घशात अडकतात.

पोरांसमोर आपण "ईई" करायचं नाही. पंगतीत नको असलेली भाजी आली की पानावर हात आडवा धरून "नको, बास" एवढंच, कारणं सांगत बसलं की वाढपी हमखास एक डाव जास्त टाकून जातो. पोराच्या पानात मात्र चमचाभर पडू द्या.

आता एवढं करूनही वजन घटतंय, खाताना सारखं उलटीला येतंय, आधी खायचं तेही एकेक सुटत चाललंय, नाहीतर ठराविक दोन-चार गोष्टींवरच गाडी अडकलीय, तर ही नाटकं नव्हेत. हा आरफिड नावाचा वेगळा आजार असू शकतो, तो २०१३ पासून डॉक्टरांच्या मानसिक आजारांच्या डीएसएम यादीत आहे. सरळ मुलांच्या डॉक्टरांकडं जा आणि जाताना आठवडाभर काय काय पोटात गेलं ते वहीत लिहून न्या, तिथं गेल्यावर "काहीच खात नाही हो" सोडून दुसरं काही आठवत नाही.