स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारचे पार्ट बदलायचेत? नटपासून सुरू करा

स्वस्तातली गिटार घेतली की बरेचजण आधी पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारे चुंबकी भाग) बदलायला घेतात, आणि नवे पिकअप बसले तरी गिटार दर गाण्यानंतर बेसूर होतेच. दोष बहुतेकदा नटचा असतो, म्हणजे खुंट्यांजवळच्या, तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीचा. खुंटी पिळताना बारीक 'टिंग' ऐकू येतं ना, ती तार खाचेत अडकून एकदम सुटल्याची खूण. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, कधीकधी एवढ्यावरच भागतं.

मग तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी फट हवी. जास्त असेल तर सुरुवातीच्या फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात, मग कितीही ट्यून करा, आणि अजिबात नसेल तर मोकळी तार खरखरते. नट बदलायचाच असेल तर तारा काढून आधी कडेचं पॉलिश ब्लेडने कापून घ्या, नाहीतर टवका उडतो, हे मी एकदा विसरलो आणि तो टवका आजही दिसतो. फ्रेटबोर्डच्या बाजूने लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका. नवा नट घेताना जुन्याची लांबी, जाडी आणि दोन टोकांच्या तारांमधलं अंतर मोजून घ्या, हाडाचा नट मस्त वाजतो. चिकटवताना गोंदाचे दोनच थेंब, पुन्हा काढता यायला हवा.

आता नव्या तारा लावून सेटअप. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, एका वेळी पाव फेराच फिरवायचा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. तिथे दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) चढा आला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, नटपासून मागे न्या, उतरा आला तर पुढे.

एवढं करूनही आवाज पटला नाही तरच पिकअपकडे या. जुन्या वायरिंगचा आधी फोटो काढा, हे टाळूच नका. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीचा पिकअप) साधारण 250 किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग), हंबकरला (दोन गुंडाळ्यांचा) 500 चे. स्वस्त गिटारमध्ये बऱ्याचदा छोटे पॉट असतात, त्यामुळे मोठे पॉट घेतले की भोक रुंद करावं लागतं, आधी मोजा. पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर जोडताना पाठ थोडी घासून घ्या म्हणजे सोल्डर पटकन धरतं, सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवलं तर पॉट आतून जळतो. तारा चढवायच्या आधी अँपला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टकटक करा, आवाज आला की जोडणी बरोबर.

खुंट्या आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) सगळ्यात शेवटी. खुंट्यांच्या भोकाचा व्यास आणि ब्रिजच्या स्क्रूंमधलं अंतर मोजल्याशिवाय ऑर्डर करू नका, आणि ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असेल तर बॉडीची जाडीही मोजा, पातळ बॉडीतून त्याच्याखालचा मोठा धातूचा ब्लॉक मागे बाहेर येतो.