भाच्याच्या दाखल्यावरची जुनी नोंद

पेडण्याचा माझा भाचा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, व्हायला निघाला, आणि पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यावर पंधराव्या वर्षीची मोटारसायकल चोरी उगवली! बाल न्याय मंडळाने प्रकरण केव्हाच निकाली काढलेलं. ताई रडकुंडीला. कुणीतरी माफीचा अर्ज सुचवला. माफी कसली?

२०१५ चा बाल न्याय कायदा उघडला. कलम ७४(२): निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीही उघड करायची नाही. कलम २४: दोष ठरला तरी अपात्रता चिकटत नाही. (सोळा पूर्ण झालेल्या, प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांना ही सवलत नाही.)

मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढली, दोन्ही कलमं लिहून वरिष्ठ अधिकाऱ्याला अर्ज दिला, पोच घेतली. पोच घ्याच. गणेशचवथीआधी स्वच्छ दाखला हातात आला.